पैठण कुणाचं? चौथ, पंचमी आणि पाडव्याचं पारणं



पर्युषण जवळ आलं की आपल्या जालन्यातल्या जैन घरांत एक प्रश्न हमखास निघतो. संवत्सरी चौथीची की पंचमीची? मंदिरमार्गी घरांत बहुतेक चौथ, स्थानकवासी आणि तेरापंथी घरांत पंचमी. दिगंबर घरांत तर पंचमीला दशलक्षण सुरू होतं, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. माहेर एका परंपरेचं आणि सासर दुसऱ्या परंपरेचं असेल, तर आईचं प्रतिक्रमण आज आणि लेकीचं उद्या. नवी सून माहेरच्या तिथीला उपवास धरते म्हणाली, की कुणीतरी पटकन बोलून जातं, "आपल्याकडे तसं नसतं." बोलणारी विसरते, सून मात्र विसरत नाही.

दुसरी एक गोष्टही या दिवसांत फोनवर फिरत असते. पैठण मुळात आपलंच होतं, सातवाहन राजे जैन होते, मग इतरांनी ते बळकावलं, अशा आशयाचे संदेश येतात. त्याच दिवशी शेजारणीच्या फोनवर तेच पैठण पहिल्यापासून वैदिकांचं, आणि आणखी कुणाच्या फोनवर ते बौद्धांचं असल्याचे संदेश असतात.

या दोन्ही गोष्टींची मुळं एकाच गावात आहेत. अंबड, पाचोड मार्गे गेलं तर आपल्यापासून दोनेक तासांवर, गोदावरीच्या काठी. पैठण म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते, नाथषष्ठी आठवते, जायकवाडीचं धरण आठवतं. पण चौथ-पंचमीचा प्रश्न जिथे पहिल्यांदा उभा राहिला असं आपले ग्रंथ सांगतात, ते प्रतिष्ठानपूर म्हणजे हेच पैठण. म्हणून आज या गावाचा इतिहास जरा सावकाश पाहू या.

सगळ्यात जुन्या खुणा

पैठणचा फार जुना उल्लेख बौद्धांच्या पाली ग्रंथात, सुत्तनिपातात आहे. गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य गौतम बुद्धांना भेटायला उत्तरेकडे निघाले. त्यांच्या वाटेवरचं पहिलं मोठं गाव पतिट्ठान. तिथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा असं करत ते पुढे गेले. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारा मोठा मार्ग पैठणपासून सुरू व्हायचा, हे यावरून कळतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात पैठणचं नाव येतं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गाड्या भरभरून मौल्यवान दगड भडोचला जात, असं त्यात लिहिलं आहे.

व्यापार आला की दान आलंच. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात पैठणच्या मितदेव नावाच्या माणसाचं नाव आहे, आणि त्याचं कूळ गांधिकांचं, म्हणजे सुगंधी वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांचं. लेणी बौद्धांची, खांब पैठणच्या अत्तरवाल्याचा. कमाईतला एक वाटा धर्माला काढण्याची रीत आपल्याला काही परकी नाही.

राजे नेमके कुणाचे?

सातवाहनांची राजधानी म्हणून पैठण प्रसिद्ध आहे. इसवी सनापूर्वीच्या काळात सुरू झालेलं हे राजघराणं तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात संपलं. या घराण्यावर सगळ्यांचाच हक्क सांगितला जातो, म्हणून त्यांनी स्वतः काय कोरून ठेवलं ते पाहू.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात एका सातवाहन राणीचा मोठा शिलालेख आहे. तिचं नाव नागनिका. त्यात वैदिक यज्ञांची यादी आहे, दान दिलेल्या गायींचे, हत्तींचे, नाण्यांचे आकडे आहेत. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. हा लेख वैदिक परंपरेचा आहे यात शंका नाही. पण त्याच लेखात महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी असं एका राणीचं वर्णन आलं आहे. मासखमणाची अनुमोदना करणाऱ्या आपण बायका हे वाचतो तेव्हा मन थबकतं. म्हणून ती राणी जैन होती असं मी म्हणणार नाही, कारण लेख तसं सांगत नाही. पण दीर्घ उपवास करणाऱ्या बाईला मान देणं ही या भूमीची फार जुनी रीत आहे, आणि ती कुणा एकाची मक्तेदारी नव्हती, एवढं मात्र खरं.

नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. त्यात ती आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याला अद्वितीय ब्राह्मण म्हणते, आणि तीच बाई बौद्ध भिक्षूंना लेणं दान देते. या घराण्यातले राजे स्वतःचं नाव आईवरून सांगत: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. घरात एक धर्म आणि दानाला दुसरा, यात त्यांना अडचण वाटत नव्हती.

आणि आपण? लोणावळ्याजवळ पाले गावच्या डोंगरात एक छोटं लेणं आहे. तिथला ब्राह्मी लेख अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो. इंद्ररक्षित नावाच्या मुनींनी तिथे लेणं आणि पाण्याचं टाकं करवलं, असं त्यात आहे. महाराष्ट्रातली जैनांची ही सगळ्यात जुनी लिखित खूण मानली जाते आणि तिचा काळ सातवाहनांच्या आसपासचाच आहे. म्हणजे आपले साधू तेव्हा इथे होते. राजा आपला होता का, हा वेगळा प्रश्न. आपले ग्रंथ सातवाहनाला श्रावक म्हणतात, शिलालेख मात्र तसं म्हणत नाहीत. मुलांना सांगताना दोन्ही सांगावं.

कालकाचार्य आणि इंद्राचा उत्सव

आता चौथीची गोष्ट. सातव्या शतकात जिनदासगणी महत्तर यांनी लिहिलेल्या निशीथचूर्णीत ती आहे.

आर्य कालक विहार करत प्रतिष्ठानपूरला आले. राजा सातवाहनाने त्यांचं मोठ्या मानाने स्वागत केलं. पर्युषण भाद्रपद शुद्ध पंचमीला करायचं ठरलं. राजाने हात जोडून अडचण सांगितली. त्याच दिवशी नगरात इंद्राचा उत्सव असतो, लोकांबरोबर मला तिकडे जावं लागेल, मग साधूंची आणि चैत्यांची सेवा घडणार नाही. तर पर्युषण षष्ठीला करावं. आचार्य म्हणाले, पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही. मग चौथीला? आचार्यांनी मान्य केलं.

इथे जरा थांबून आचार्यांनी काय केलं ते पाहू या. कल्पसूत्राप्रमाणे चातुर्मासाचा एक महिना आणि वीस दिवस झाले की पर्युषण करायचं. आषाढी पौर्णिमेपासून पन्नास दिवस मोजले की भाद्रपद शुद्ध पंचमी येते. त्याच सूत्रात असंही आहे की त्याआधी केलं तर चालतं, पण ती रात्र उलटू द्यायची नाही. म्हणजे आचार्यांनी राजासाठी नियम मोडला नाही. नियमात जेवढी जागा होती तेवढी वापरली आणि जिथे जागा नव्हती तिथे राजालाही नाही म्हटलं.

याच गोष्टीत पुढे एक भाग आहे, तो व्याख्यानात फारसा ऐकू येत नाही, आणि तो आपल्या बायकांचा आहे. राजाने अंतःपुरातल्या राण्यांना सांगितलं, तुम्ही अमावस्येला उपवास करा, पाडव्याला साधूंना सगळ्या प्रकारचं अन्न बहरावा आणि मगच पारणं करा. कारण साधूंचा पुढे तेला असायचा, पाडव्याचा आहार हे त्यांचं धारणं. राण्यांनी तसं केलं, ते पाहून नगरातल्या लोकांनीही केलं. आणि चूर्णीकार लिहितात, तेव्हापासून मरहट्ठ देशात श्रमणपूजा नावाचा सण सुरू झाला. मरहट्ठ देश म्हणजे आपला महाराष्ट्र. तेराशे वर्षांपूर्वीच्या प्राकृत ग्रंथात आपल्या मुलखाचं नाव एका सणासाठी आलं आहे, आणि त्या सणात उपवास, स्वयंपाक, गोचरी आणि पारणं आहे.

ही अमावस्या कोणती, तर आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावणाची, पोळ्याची. बैलांना पुरणपोळी भरवली जाते त्या दिवशी पैठणच्या राण्या उपवास करत होत्या, असं हा ग्रंथ सांगतो.

काळाचा मात्र घोळ आहे. एका परंपरेप्रमाणे चौथीचा बदल वीर निर्वाणानंतर ९९३ वर्षांनी झाला. हिशेब केला तर इसवी सनाचं पाचवं शतक येतं, आणि तेव्हा सातवाहन राज्य संपून दोनशे वर्षं उलटली होती. म्हणून कालक नावाचे एकाहून अधिक आचार्य होऊन गेले असावेत असं अभ्यासक मानतात. उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाच्या तावडीतून आपल्या बहिणीला, साध्वी सरस्वतीला, सोडवणारे कालक वेगळे आणि पर्युषणाचे वेगळे, असंही मांडलं जातं. तिथीच्या वादात पुरावा म्हणून ही गोष्ट कुणी ठासून सांगितली, तर एवढं लक्षात असू द्यावं.

उवसग्गहरंची गोष्ट

आपल्यातल्या कितीतरी जणी रोज उवसग्गहरं म्हणतात. मूल आजारी पडलं, घरात काळजी आली की तोंडात तेच येतं. त्याच्या जन्माची कथाही पैठणची आहे. १३४९ साली राजशेखरसूरींनी लिहिलेल्या प्रबंधकोशात ती येते.

प्रतिष्ठानपुरात भद्रबाहू आणि वराह हे दोन ब्राह्मण भाऊ होते. दोघांनी दीक्षा घेतली. भद्रबाहू आचार्य झाले, वराहला ते पद मिळालं नाही. रागाने त्याने दीक्षा सोडली आणि तो राजाचा ज्योतिषी झाला. राजाला मुलगा झाला तेव्हा वराहने शंभर वर्षांचं आयुष्य सांगितलं. भद्रबाहू म्हणाले, सातव्या दिवशी मांजरामुळे मृत्यू आहे. नगरातली सगळी मांजरं हाकलली, तरी दाराचा अडसर अंगावर पडून बाळ गेलं. अडसरावर मांजराचं तोंड कोरलेलं होतं. पुढे वराह मरून व्यंतर झाला, संघाला त्रास देऊ लागला, आणि तो उपसर्ग टाळण्यासाठी भद्रबाहूंनी स्तोत्र रचलं.

स्तोत्रावरची श्रद्धा श्रद्धेच्या जागी. पण कथा इतिहास म्हणून वाचली तर तिच्यात दुसरंही काही दिसतं. श्रुतकेवली भद्रबाहू इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले आणि ज्योतिषी वराहमिहिर इसवी सनाच्या सहाव्या शतकातला. दोघांत नऊशे वर्षांचं अंतर. वराहमिहिर स्वतःला अवंतीचा म्हणवतो. मग त्याला पैठणचा आणि आपल्या आचार्यांचा रुसलेला भाऊ कुणी केला? आपल्याच लोकांनी. ब्राह्मणांच्या सर्वांत मोठ्या ज्योतिषापेक्षा आमचे आचार्य श्रेष्ठ, हे सांगण्यासाठी. पैठणवरचा झगडा असा गोष्टींतूनही चालत होता, आणि त्यात आपणही मागे नव्हतो.

वाद सगळ्यांच्या वाट्याला

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि पैठण हे धर्मनिर्णय देणाऱ्या पंडितांचं गाव होतं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी पैठणला राहिले. त्यांच्या शिष्यपरिवारात पैठणच्या नागुबाइसा होत्या, इतरही पुष्कळ बायका होत्या. महानुभावांचे ग्रंथ सांगतात की पुढे पैठणच्याच सभेत स्वामींविरुद्ध निर्णय झाला, आणि बायका त्यांच्या मागे लागतात ही त्यांच्याविरुद्धची एक मोठी तक्रार होती.

त्याच शतकात आळंदीहून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला आली. संन्याशाची मुलं म्हणून त्यांना समाजाने बाहेर ठेवलं होतं. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा इथलीच. पुढे सोळाव्या शतकात याच पैठणात संत एकनाथ झाले. श्राद्धाचं अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं, म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकल्याची कथा आपण शाळेतच ऐकली आहे. नाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवादही लिहिला. दोघं कडाडून भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. गावात मौलाना साहेबांचा दर्गाही आहे.

म्हणजे पैठणात आपल्यालाच विरोध झाला असं नाही. ज्या कुणी तिथे वेगळं काही मांडलं, त्याला त्या गावाने आधी उभं केलं आणि जाब विचारला. महानुभाव, वारकरी, जैन, सगळ्यांकडे पैठणच्या परीक्षेची एक एक गोष्ट आहे. आणि प्रत्येक गोष्टीत सांगणाराच जिंकतो.

वाळूचे मुनिसुव्रत

आणि तरीही आपण तिथून गेलो नाही. १३३३ साली जिनप्रभसूरींनी विविधतीर्थकल्प पूर्ण केला. हे खरतरगच्छाचे आचार्य. मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारात त्यांना मान होता, आणि ते देवगिरीलाही राहून गेले होते. त्यांच्या ग्रंथात प्रतिष्ठानावर स्वतंत्र प्रकरणं आहेत आणि तिथल्या मुनिसुव्रतस्वामींचं वंदन आहे. यादव जाऊन तुघलक आले तरी विसाव्या तीर्थंकरांचं ते ठिकाण लोकांच्या मनात होतं.

आज पैठणला मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं दिगंबर अतिशय क्षेत्र आहे. काळ्या रंगाची मूर्ती वालुकामय आहे, म्हणजे वाळूची. रामायणातल्या खरदूषणाने ती करवली अशी श्रद्धा आहे, कारण आपल्या परंपरेत राम मुनिसुव्रतांच्या तीर्थकाळातले. शनि अमावस्येला तिथे मोठी गर्दी होते. वर्णन लिहिणारे आचार्य श्वेतांबर, आजचं क्षेत्र दिगंबर, आणि दर्शनाला स्थानकवासी घरातल्या बायकाही जातात. घरी विचारलं तर म्हणतात, "मन झालं म्हणून गेले."

मग सांगायचं काय?

मला वाटतं, "पैठण आपलंच" हा संदेश पुढे पाठवण्यात आपला काही लाभ नाही. जे गाव इतक्या जणांनी वसवलं, दान देऊन मोठं केलं, त्याचा सातबारा एकाच्या नावावर निघत नाही. आणि आपल्याकडे सांगण्यासारखं त्याहून मोठं काही आहे. आपला सगळ्यात मोठा दिवस दुसऱ्याच्या सणावर आला, तेव्हा आपल्या आचार्यांनी भांडण केलं नाही आणि दिवस सोडूनही दिला नाही. एक दिवस अलीकडे आले.

दुःखाची गोष्ट पुढची आहे. बाहेरचा झगडा टाळण्यासाठी केलेला तो एक दिवसाचा बदल पुढे आपल्याच घरातला झगडा झाला. इंद्राचा उत्सव कधीच विरून गेला. ज्याच्यासाठी तिथी हलवली ते कारण उरलं नाही, चौथीला आता गणपती बसतात आणि पंचमीला शेजारणी ऋषिपंचमी धरतात. आणि आपण मात्र कोणाची तिथी खरी यावर जावा-जावांत, सासू-सुनांत तोंड फिरवतो. क्षमा मागण्याचा दिवस कोणता यावर अबोला धरायचा, याला काय म्हणावं?

पंचमीवाल्यांचं म्हणणं चूक नाही, मूळ दिवस तोच. चौथीवाल्यांचंही चूक नाही, सूत्रात त्याला जागा आहे आणि मागे आचार्यांचा निर्णय आहे. निर्णय बदलायचा की नाही हे साधू-संतांचं काम. आपल्या हातात स्वयंपाकघर आहे. ज्या घरात दोन तिथी आहेत तिथे चौथीचा उपवास करणाऱ्या सुनेचं पंचमीचं पारणं सासूने आपल्या उपवासाआधीच सांगून ठेवावं, मूग भिजवायला लावावेत. सुनेने पंचमीला सासूचं प्रतिक्रमण नीट व्हावं म्हणून घरातली मुलं सांभाळावी. खमतखामणा दोन्ही दिवशी केला तर काही कमी होत नाही.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, गोचरीला आलेल्या महासतीजींना बहरावताना मुलींना जवळ उभं करा आणि सांगा की हा आपल्या मुलखाचा जुना सण आहे. नाव श्रमणपूजा. पैठणच्या बायकांनी सुरू केलेला.